दूधवाल्याचे हँडल

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंकडे मनगटे मागायला गेली. शिष्य गुरूंकडे ज्ञान मागतात, मंत्र मागतात, फार तर परीक्षेच्या आदल्या दिवशी आशीर्वाद मागतात. हिने मात्र स्वच्छ शब्दांत सांगितले, "सर, मला मनगटं द्या. चांगली घट्ट, दगडासारखी. ही माझी कामाची राहिली नाहीत."

गुरू म्हणजे कुणी जटाधारी नव्हेत. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावाच्या शाळेत त्यांनी हयातभर मुलांकडून कवायत करून घेतली होती, आणि गाव त्यांना मास्तर म्हणत असे. निवृत्त झालेली माणसे देवळाच्या पारावर बसतात. मास्तरांनी जाड टायरांची, दगडधोंड्यांतून जाणारी डोंगरी सायकल घेतली आणि दर रविवारी घाट चढून वरच्या सड्यावर जायला सुरुवात केली. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या खडकाचे उघडे पठार. हळूहळू त्यांच्यामागे एक टोळके जमले. 'मागे' हे मानाने म्हणायचे. प्रत्यक्षात मास्तर सर्वांच्या शेवटी असत आणि वाटेत थांबून फुले बघत.

शिष्येचे नाव वृषाली. ती आणि तिची आई घरी उकडीचे मोदक करून देत. आईच्या हातचा मोदक पंचक्रोशीत नावाजलेला होता. पण गुडघे धरल्यापासून तिला खाली बसवेना, आणि उकड मळण्यापासून कळ्या पाडण्यापर्यंतचे सगळे काम लेकीकडे आले. लेकीनेही नाव राखले. आठवडाभर उकडीत हात आणि रविवारी सड्यावरचा वारा, असे तिचे आयुष्य चालले होते. त्या वाऱ्यावर तिचा फार जीव होता. घाट चढून वर आले, की आपण कुणाची मुलगी, कुणाची सुगरण, कुणाची कोण हे सगळे खाली राहते, असे तिला वाटे.

आता या टोळक्याची एक रीत होती, ती आधी सांगितली पाहिजे. घाट संपतो तिथे एक चहाची टपरी आहे. तिथे पोचल्यावर सर्वांनी तळहात पुढे करायचे. ज्याचे तळहात सर्वांत लाल, ज्याला सर्वांत जास्त घट्टे आणि फोड, त्याला चहाचा पहिला ग्लास. ही रीत लोखंडी सामानाचे व्यापारी बांदेकर यांनी पाडली होती, आणि बहुतेक रविवारी पहिला ग्लास त्यांनाच मिळत असे. मास्तर रीतीप्रमाणे हात दाखवत. त्यांच्या हातांवर काहीच नसे. म्हातारपणी एवढेच जमायचे, असे समजून सर्व जण त्यांना शेवटचा ग्लास देत, आणि मास्तर तो आनंदाने पीत.

माणसाला कशाचाही अभिमान वाटू शकतो. फोडांचा वाटला तर त्यात नवल नाही. वृषालीने सायकल घेतली तेव्हा बांदेकरांच्या सल्ल्याने सर्वांत रुंद आणि काठीसारखे सरळ हँडल बसवून घेतले. ते इतके रुंद होते की मागच्या दारातून सायकल तिरकी करून आत घ्यावी लागे. "हे खरं डोंगरी हँडल," बांदेकर म्हणाले होते. "हात दुखतील, पण त्याशिवाय हात होत नाहीत." वृषालीला ते पटले. दोनदा तिने चहाचा पहिला ग्लास मिळवला आणि घरी येऊन आईला अभिमानाने तळहात दाखवले. आईने ते पाहून हळद आणली.

पुढे फोड बरे झाले, पण बोटे बिनसली. चढ अर्धा झाला की मनगटाशी कळ उठे, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होई, मग मुंग्या अंगठ्यापर्यंत जात. पहिल्यांदा त्या संध्याकाळपर्यंत टिकत. नंतर सोमवार उजाडला तरी जाईनात. आणि मोदक हे डोळ्यांचे काम नाही. पारी कुठे जाड राहिली, कुठे विरली, हे बोटांच्या पेरांनाच कळते. मागल्या संकष्टीला वृषालीच्या पेरांना ते कळले नाही. मोदक पात्रात फुटले, सारण पाण्यात उतरले, आणि उपास धरून चंद्राची वाट पाहणाऱ्या घरांत शिऱ्याचा नैवेद्य झाला. कुणी भांडायला आले नाही. वर्षानुवर्षांचे एक गिऱ्हाईक तेवढे म्हणाले, "आईला बरं नाही का गो?" वृषालीला ते थोबाडीत मारल्यासारखे लागले.

येत्या मंगळवारी अंगारकी होती. अंगारकीला अख्खे गाव मोदक मागते. आईने आरडाओरडा केला नाही, ती फक्त म्हणाली, "सायकल तरी ठेव, नाहीतर हे पात्र तरी ठेव. दोन्ही तुझ्याच्यानं होत नाही." सायकल विकत घ्यायला सोमवारी एक जण येणारही होता. म्हणून ती शनिवारी सकाळी मास्तरांच्या अंगणात उभी होती आणि मनगटे मागत होती.

"कवायत सांगा सर," ती म्हणाली. "विटा उचलायला सांगा, दोरीला लोंबकळायला सांगा. मी करीन. तपाला मी भीत नाही."

मास्तरांनी तिची दोन्ही मनगटे हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि सोडून दिली. "दुपारी घरी येतो," ते म्हणाले. "मोदकपात्र रिकामं ठेव. आणि आईला सांग, चहात साखर बेताची."

दुपारी मास्तर आले. एका हातात कवायतीची लाठी, दुसऱ्या हातात सुतळीचे भेंडोळे, आणि पाठीला गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी. स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभ्या असलेल्या आईने लाठीकडे पाहिले, मग लेकीकडे पाहिले, आणि विषय कवायतीचा आहे हे ओळखले.

"पात्रात पाणी भर," मास्तर म्हणाले. "गार. काठोकाठ."

ते पात्र तांब्याचे, जुने, आईला तिच्या सासूकडून मिळालेले. वृषालीने ते भरून ओट्यावर ठेवले.

"आता उचलून खाली ठेव."

तिने दोन्ही बाजूंच्या कानांना धरून पात्र उचलले, कोपरे अंगालगत आणली आणि अलगद जमिनीवर ठेवले. पाणी हललेसुद्धा नाही. यात काय कवायत, असा तिचा चेहरा झाला. मास्तरांनी मान डोलावली, पात्र परत वर ठेवायला सांगितले, आणि मग सुतळीने त्यांची ती लांब लाठी दोन्ही कानांवर आडवी बांधून टाकली. अगदी घट्ट, गाठीवर गाठ मारून.

"आता लाठीची दोन टोकं धर. मुठी वरून, तळहात जमिनीकडे. आणि तेच कर."

"अगो बाई," आई म्हणाली, "मास्तर, ते सासूबाईंचं पात्र आहे!"

"म्हणून तर पाणी गार घेतलं," मास्तर म्हणाले. त्याचा आणि सासूबाईंचा काय संबंध हे आईला कळले नाही, पण ती दोन पावले मागे सरली.

वृषालीने हात फाकवून लाठीची टोके धरली आणि पात्र उचलले. कोपरे बाहेर गेली, खांदे कानांशी आले, मनगटे करंगळीच्या बाजूला मुडपली. पात्र एकदा डावीकडे झुकले, एकदा उजवीकडे, आणि अर्धे पाणी मास्तरांच्या धोतरावर गेले. तिने ते कसेबसे जमिनीवर आदळले. आईने डोळे मिटून घेतले होते.

"असं कुणी भांडं उचलतं का सर?" मनगट चोळत वृषाली जवळजवळ ओरडली. ती खरोखर चिडली होती. "कान कशाला दिलेत मग त्याला?"

"दुखलं?"

"दुखेल नाहीतर काय!"

"कुठं?"

तिने मनगटाच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवले, आणि ठेवल्यावर तिथेच थांबली. रविवारी कळ उठे ती याच जागी. ती लाठीकडे पाहत राहिली. अंगणात, भिंतीला टेकून, तिची सायकल उभी होती. उघड्या दारातून तिचे हँडल दिसत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

मास्तरांनी धोतराचा ओला सोगा पिळला. "मनगटं तुझी उत्तम आहेत," ते म्हणाले. "तुझी लाठी तेवढी सोड."

मग त्यांनी गोणपाट उलगडले. आत एक हँडल होते. मधून ते निघत होते इतर हँडलांसारखेच, पण दोन्ही टोके मागे, चालवणाऱ्याच्या अंगाकडे वळलेली. पात्राचे कान जसे हाताला सामोरे येतात तशी ती हाताला सामोरी येत होती. वृषालीने मुठी धरून पाहिल्या. मनगटे सरळ राहिली, कोपरे जागेवर आली. हातांनी हँडल ताबडतोब मान्य केले. डोक्याने केले नाही.

"सर, हे तर दूधवाल्याचं हँडल!"

"आहेच मुळी. घरोघर रतीब घालत तो सारा गाव पालथा घालतो. मनगटं मागायला तो माझ्याकडे कधी आला नाही."

"पण डोंगरी सायकलला हे? सगळे हसतील. आणि सर..." तिचा आवाज जरा उतरला, कारण खरी अडचण आता येत होती. "सोसणं सोडलं, तर मग तप कुठं राहिलं? सोपं करून घेतलेलं चढणं ते काय चढणं?"

मास्तर ओट्याला टेकले. ते एरवी फारसे बोलत नसत, म्हणून आईनेही कान दिला.

"घाट कमी करून द्या म्हणाली असतीस, तर मी तुला दारातूनच परत पाठवलं असतं," ते म्हणाले. "चढ आहे तेवढाच राहणार आहे. दम तेवढाच लागेल, पाय तेवढेच भरून येतील. ते तप. ते तू निवडलंस, आणि त्यातून तुला सडा मिळतो. मनगटाच्या कळेतून काय मिळतं? चहाचा एक ग्लास. तप आपण निवडतो बाळ, आणि त्रास आपला आपण येऊन बसतो. बसून जुना झाला की तो तपाची वस्त्रं नेसतो, आणि आपण त्याला नमस्कार करायला लागतो. कुठला त्रास कामाचा आणि कुठला बिनकामाचा, एवढं विचारायला धीर लागतो. सोसायला त्याच्या निम्मासुद्धा लागत नाही."

थोडे थांबून त्यांनी प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले. "काही गमावशीलही. उभ्या चढावर पुढचं चाक हलकं वाटेल, अडचणीच्या वळणावर सायकल सावकाश वळेल. सुरुवातीला ती दुसऱ्या कुणाची आहे असं वाटेल. फुकट काहीच नसतं. आणि चहात साखर बेताची सांगितली होती."

सायकलवाल्याने संध्याकाळी हँडल बदलून दिले. हात मागे येतात म्हणून हँडल धरणारा पुढचा दांडा त्याने जरा लांबचा टाकला, ब्रेक बोटांच्या टप्प्यात फिरवून घेतले, आणि "आजोबांसाठी काय?" एवढेच विचारले. वृषालीने हो म्हणून सांगितले. धैर्य हळूहळूच येते.

रविवारी सकाळी टोळके जमले. बांदेकरांनी लांबूनच ते हँडल पाहिले आणि सायकलवरून उतरून पोट धरले.

"काय गो, रतीब घालूक निघालंस? आमच्या घराक अर्धो लिटर घाल!"

सगळे हसले. वृषालीचे कान तापले. एक क्षण तिला वाटले, तब्येतीचे निमित्त करून घरी जावे. तिने मास्तरांकडे पाहिले, तर ते चाकात हवा आहे की नाही हे अंगठ्याने दाबून पाहण्यात गढून गेले होते. मग ती निघाली.

मास्तर म्हणाले होते तसेच झाले. दगडांच्या उभ्या वळणावर पुढचे चाक भलतीकडे गेले आणि तिला पाय टेकावा लागला. बांदेकर गाणे म्हणत शेजारून निघून गेले. ती पुन्हा बसली, थोडी पुढे वाकली, आणि चढत राहिली. छाती भात्यासारखी चालली होती, मांड्या पेटल्या होत्या, घाम डोळ्यांत जात होता. चढ खरोखर तेवढाच होता. अर्धा घाट झाला तेव्हा ती नेहमीच्या कळेची वाट पाहू लागली. कळ आली नाही. पुढच्या वळणावर येईल म्हणून ती तयारीत राहिली, तर तिथे मोर होता. मग ती कळेला विसरली.

टपरीवर तळहातांची तपासणी झाली. बांदेकरांचे हात लालबुंद. वृषालीचे पांढरे, जसे घरून आणले तसे.

"ही काय चढली? ही फिरायला आली होती!" असे म्हणून त्यांनी तिला मास्तरांच्याही मागे ढकलले. शेवटचा ग्लास. टपरीवालीने तो काठोकाठ भरला, आणि दोन वर्षांच्या सवयीने वृषालीने तो सगळ्या बोटांनी घट्ट धरला.

"आई गं!"

चहा सांडला, सगळे दचकले, टपरीवाली फडके घेऊन धावली. वृषाली मात्र हात झटकत हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते.

"सर, पोळलं! सर, करंगळीला पोळलं!"

इतके दिवस तो ग्लास तसाच गरम असायचा, आणि तिच्या बोटांना पत्ता नसायचा. मास्तरांनी आपला चहा संपवला आणि म्हणाले, "मग खाली ठेव."

उतरताना बांदेकर बराच वेळ तिच्या शेजारून चालले होते. एका वळणावर त्यांनी खाकरून विचारले, "जरा धरून बघू?" तिने सायकल त्यांच्या हाती दिली. त्यांनी मुठी धरल्या, मनगटे सरळ करून पाहिली, आणि परत देताना इकडेतिकडे पाहून म्हणाले, "माझ्या दुकानात मिळतं काय विचारू नकोस. उद्या मागवतो."

सोमवारी सायकल घ्यायला आलेल्या माणसाला वृषालीने चहा दिला आणि परत पाठवले. आईने ते ऐकले. बोलायचे ते मंगळवारी पात्र उघडल्यावर, असे तिने ठरवले असावे.

मंगळवार उजाडला. वृषाली उकड घेऊन पाटावर बसली. पहिलीच पारी बोटांवर फिरली आणि तिला कळले, इथे जाड आहे, इथे पुरे. पेरे जागी होती. कळ्या एकामागून एक उठल्या, टोके जुळली, आणि पहिले पात्र उघडले तेव्हा एकही मोदक फुटलेला नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. पण अंगारकीचे काम डोंगराएवढे, आणि हात दोनच. दारात, चौकटीला धरून आई उभी होती. "पारी जरा खोल घे. अगो, टोक दाबू नकोस." तिची बोटे पदराशी चाळा करत होती, कळ्या पाडल्यासारखा. वृषालीचे लक्ष त्या बोटांकडे गेले.

बोटे चांगली धडधाकट होती. धरले होते ते गुडघे.

मग मोदक का सुटले होते? कारण मोदक करायचे ते पाटावर मांडी घालून. आजेसासूने तसे केले, सासूने तसे केले. ज्या दिवशी आईला मांडी घालवेना, त्या दिवशी तिने मोदक करणे सोडले. घरातल्या कुणी, खुद्द वृषालीनेही, त्यावर एक प्रश्न विचारला नव्हता. आपण रविवारी डोंगर चढत होतो, आणि आपली आई एवढी वर्षे दारात उभी होती. तिला एकदम रडू आल्यासारखे झाले.

ती उठली. बाहेरच्या खोलीतले टेबल तिने ओढत आत आणले, त्यावर उकडीची परात ठेवली, खुर्ची मांडली.

"आई, बस."

"खुर्चीवर? देवाचं करायचं आहे बाई, हॉटेल नाही हे."

"देव बसेल पाटावर. तू खुर्चीवर बस."

आई पुटपुटत राहिली, शास्त्र सांगत राहिली, आणि पुटपुटतच हात धुऊन आली. बसल्यावर तिने टेबलावर दोन्ही हात ठेवून पाहिले. मग तुपाचे बोट फिरवून उकडीचा गोळा घेतला. पारी तिच्या हातात आपसूक उमलत गेली. कळ्या इतक्या बारीक, इतक्या सारख्या पडल्या, की वृषाली आपले काम थांबवून बघत बसली. इतक्या दिवसांत आईचा चेहरा असा तिने पाहिला नव्हता. एक मोदक झाला, दुसरा झाला, आणि ताट निम्मे भरले.

मग ती मान वर न करता रागावूनच म्हणाली, "एवढी वर्षं कुठं होतीस गो ही खुर्ची घेऊन?"

वृषाली हसली, डोळे बाहीला पुसले, आणि समोर बसून सारण भरायला लागली.

वाचकहो, घाट ज्याचा त्याने चढायचा असतो, त्याला इलाज नाही. पण आपल्या घरात कुणी केवळ रीत म्हणून पाटावर बसले नाही ना, किंवा बसवत नाही म्हणून दारात उभे राहिले नाही ना, एवढे आज जरा पाहावे.